रिकामा बेहडा

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात एक तरणं शेकरू राहत असे. तुम्ही शेकरू पाहिलंय का, मुलांनो? खारीहून कितीतरी मोठं, तांबूस पाठीचं, लांबलचक झुपकेदार शेपटीचं हे जनावर आपला सगळा जन्म झाडांच्या शेंड्यांवर काढतं. जमिनीवर उतरायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. त्याला आणखी एक खोड असते. एक घरटं बांधून त्याचं भागत नाही. या फांदीवर एक, त्या फांदीवर एक अशी ते घरटी बांधत सुटतं आणि झोपतं मात्र त्यांतल्या एकातच. बाकीची सगळी रिकामी. आपल्या या शेकरूला मोठं होता होता या गोष्टीची लाज वाटू लागली होती. एकीकडे कुणी उघड्यावर आणि दुसरीकडे जागा रिकामी, हे त्याला सोसत नसे. आणि कुणी "बघू पुढे" म्हणालं, की त्याची शेपटी रागानं फुलायची.

त्या वर्षी भर उन्हाळ्यात पूर्वेच्या उतारावर वणवा पेटला. तो विझला तेव्हा झाडं काळवंडून उभीच होती. ती आज ना उद्या पालवली असती. पण ज्यांचं घर म्हणजे गवतच होतं, त्यांनी जायचं कुठे? सशीण, तितर, घोरपड अशी कितीतरी कुटुंबं एका दिवसात उघडी पडली. काळ्या राखेवर भुरं अंग लांबूनही लख्ख दिसतं. वर ससाणा घिरट्या घालत होता, आणि आता त्याला शोधावंसुद्धा लागत नव्हतं. जंगलात वाघमहाराजांची सभा होती आणि सभेच्या हद्दीत शिकारीला बंदी होती. पण आकाश काही सभेच्या हद्दीत येत नव्हतं.

सशिणीला चार पिल्लं होती, आठवड्याभराचीसुद्धा नसतील. आगीतून तिनं ती एकेक करून तोंडात धरून आणली होती आणि एका खडकाच्या सावलीत दडवली होती. सावली सरकली की ती पिल्लांना सरकवायची. दुपारी सावली खडकाच्या बुडाशी वीतभर उरायची, तेव्हा ती स्वतः उन्हात बसून त्यांच्यावर आपली सावली धरायची.

शेकरूनं हे वरून पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. ते सगळ्यांत खालच्या फांदीवर येऊन म्हणालं, "काकू, माझी घरटी रिकामी पडली आहेत. हवं ते घ्या. आत्ता चला."

सशिणीनं मान मागे टाकून त्या उंच फांद्यांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू आलं. "येते की. आधी मला चढायला शिकव, बाळा. नाहीतर पंख तरी लावून दे."

शेकरू खजील झालं. पण गप्प बसणारं ते नव्हतंच. शेंड्यावर जाऊन त्यानं सगळीकडे नजर फिरवली आणि त्याला ओढ्याकाठचा बेहडा दिसला.

हा बेहडा म्हणजे जंगलाचा दवाखाना होता. त्याच्या बुंध्याशी एखाद्या गुहेएवढी ढोली होती. तिथे एक म्हातारी वानरीण आजाऱ्यांना झाडपाला द्यायची. कुणाचा पाय मोडो, कुणाला ताप भरो, सगळे बेहड्याखाली यायचे. मग एके दिवशी सभेनं ठरवलं की झाड जुनं झालंय, धोकादायक आहे. ते पाडायचं आणि त्या जागी एक भव्य टेकाड उभारायचं. टेकाडात दवाखाना, पाठशाळा, सभागृह, सगळं एकाच ठिकाणी. वानरिणीला दूरच्या टेकडीवर पाठवलं. बेहड्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. पहाऱ्याला एक गवा उभा केला. त्यानंतर दोन पावसाळे येऊन गेले. बेहडा होता तिथेच होता, आणि गवाही.

शेकरू तडक सभेत गेलं. वाघमहाराज नेहमीप्रमाणे झोपले होते. त्यांच्या वतीनं कारभार कोल्होबा पाहत असत.

"कोल्होबा, बेहडा रिकामा आहे," शेकरू म्हणालं.

"रिकामा नाही हो," कोल्होबा गोड आवाजात म्हणाले. "पुनर्बांधणीच्या प्रतीक्षेत आहे."

"ती व्हायची कधी?"

"पावसाळा उलटला की. झाड पाडायला डोंगरापलीकडून रानडुकरांचा कळप बोलवायचा आहे. महाराजांची संमती आहेच. फक्त महाराज जागे व्हायचे आहेत."

"म्हणजे तोवर झाड नुसतं उभं राहणार. उतारावर गवत यायलाही पावसाळा उलटेल. तोवर जळालेल्यांना तिथे राहू द्या. गवत आलं की ते जातील, डुकरं आली की तुम्ही पाडा. कुणाचं काय बिघडतं?"

"अहो, ते धोकादायक आहे. उद्या झाड पडलं आणि कुणाला लागलं तर?"

"मी त्याची फांदी न् फांदी पाहून आलोय. बुंधा ठणठणीत आहे," शेकरू म्हणालं. "आणि खरंच धोकादायक असेल तर आजच पाडा. नसेल तर आजच वापरा. दोन्ही करायचं नाही, मग गवा पहारा कशाला देतोय? भोकाला?"

सभेत हशा पिकला. पहाऱ्याची रोजची हजेरी द्यायला येऊन दाराशी उभा असलेला गवाही हसला, आणि मग हसू आपल्यावरच आहे हे कळून गप्प झाला.

कोल्होबा मात्र हसले नाहीत. "तरुण आहेस," ते म्हणाले. "तुला या जंगलाचा रिवाज ठाऊक आहे ना? ज्या जागेत ज्याचा गंध एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत मुरला, ती जागा त्याची. मग तिथून त्याला खुद्द महाराजही उठवू शकत नाहीत. आज सशिणीला दया म्हणून आत घेऊ. उद्या बेहड्याला सशांचा गंध सुटेल. परवा डुकरं येतील, हुंगतील आणि परत जातील. कारण गंध आला तर डुक्कर सुळा लावत नाही, हा त्यांच्या कुळाचा नियम आहे. मग आमच्या टेकाडाचं काय?"

रिवाज खरा होता. त्या जंगलात जागेवरचा हक्क नाकानंच ठरत असे. सभेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. शेकरूच्या डोळ्यांसमोर मात्र वीतभर सावलीत दाटून बसलेली चार पिल्लं होती. त्याचं डोकं भराभर चालू लागलं, आणि त्याला एक युक्ती सुचली. मुलांनो, ती युक्ती त्याची स्वतःची होती, ती त्याच्यावर कुणी लादली नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

"आणि गंध मुरूच दिला नाही तर?" ते म्हणालं. "उतारावर हवी तेवढी राख पडली आहे. राखेपुढे कुठलाच गंध टिकत नाही. ढोली रोज राखेनं घासू. राहणारेही राख फासून राहतील."

कोल्होबांचे डोळे बारीक झाले. "कुणाच्या नजरेला पडता कामा नये. आवाज येता कामा नये. सभेच्या लेखी बेहडा रिकामाच राहील."

"राहू द्या."

"आणि याची जबाबदारी?"

"माझी," शेकरू छाती काढून म्हणालं.

त्याच संध्याकाळी सशीण, तितर आणि घोरपड आपापलं बिऱ्हाड घेऊन बेहड्यात शिरल्या. गव्यानं कुंपणाची एक फांदी बाजूला सरकवली आणि पाठ फिरवली. सभेच्या लेखी आत कुणी गेलंच नव्हतं, तर त्याला दिसणार तरी कोण?

ढोलीत गारवा होता, अंधार होता, आणि डोक्यावर छप्पर होतं. सशीण आत जाऊन पडली ती सावलीकडे लक्ष न ठेवता झोपली. तितर आपल्या पिल्लांना म्हणाली, "बघा रे, आता मान वाकडी करून आकाशाकडे बघत खायला नको." घोरपड स्वभावानंच तिरकस. ती एका फटीत अंग घालत म्हणाली, "दवाखान्यात राहायचं म्हणजे आजारी पडायची तरी सोय झाली."

शेकरू रोज सकाळी यायचं. राख आणायला लावायचं, ढोलीची भिंत घासून घ्यायचं, मग नाक लावून कानाकोपरा हुंगायचं. कुठे जरा गंध आला की त्याचा जीव वरखाली व्हायचा. "तितरताई, हा कोपरा राहिला. घोरपडबाई, शेपटी घासली का?"

"घासली," घोरपड म्हणायची. "आता कातडी तेवढी काढून द्यायची राहिली आहे."

पिल्लांसाठी त्यानं एक खेळ काढला होता. बाहेर जाऊन ते आवाज बदलून हाक मारायचं, "कुणी आहे का रे आत?" पिल्लांनी ओ द्यायची नाही. पाय पोटाशी घ्यायचे, कान पाठीला चिकटवायचे, एकमेकांना बिलगायचं आणि श्वास रोखायचा. जो गप्प राहील तो जिंकला. तीन पिल्लं झटक्यात शिकली. चौथं, सगळ्यांत धाकटं, मात्र दर वेळी फिस्सकन हसायचं.

"हरलास!" शेकरू आत डोकावून ओरडायचं.

"तू बोक्यासारखा आवाज काढून हाक मारतोस, मग मला हसू येतं," धाकटं म्हणायचं.

"येऊ दे. दाबून धर. कुणी ऐकलं तर आपल्याला इथून घालवतील. मग ससाणा आहेच."

धाकट्यानं मग तोंड मातीत खुपसून हसू दाबायची सवय केली.

एकदा सशीण शेकरूला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळा, एक सांगू? रागावू नकोस. अंधारात मी माझ्या लेकरांना ओळखते ती गंधानं. राखेत घोळली की चौघंही मला परकी वाटतात. काल एकाला दोनदा पाजलं आणि एक उपाशी राहिलं. रात्रीपुरती तरी राख झटकू का?"

"काकू, थोडे दिवसच तर काढायचे आहेत!" शेकरू अधीरपणे म्हणालं. "एकदा गंध मुरला की सगळं संपलं. मी जबाबदारी घेतली आहे."

"घेतली आहेस खरी," सशीण म्हणाली, आणि तिनं पिल्लांच्या पाठीवर पुन्हा राख चोळली.

सगळं इतकं नीट चाललं होतं की शेकरूला रात्री झोप येईना. पण ते आनंदानं. त्याला आता सगळीकडे रिकाम्या जागाच दिसत होत्या. अस्वलानं सोडलेली गुहा. बंद पडलेली पाठशाळेची घळ. कधीतरी काहीतरी बांधायचं म्हणून सभेनं अडवून ठेवलेली बिळं. "नवं काही बांधायलाच नको," ते भेटेल त्याला सांगत सुटायचं. "जे आहे ते वाट बघत पडलंय, तेवढं वापरलं तरी जंगलात कुणी उघड्यावर राहणार नाही." जळालेली इतर कुटुंबं त्याच्या झाडाखाली जमू लागली. कोल्होबांनीही भर सभेत त्याची पाठ थोपटली. "बेहड्यावरून मी कालच गेलो," ते म्हणाले. "आत कुणी आहे अशी शंकासुद्धा आली नाही. काम असावं तर असं."

आणि मग ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते झालं. वाघमहाराज जागे झाले.

त्यांनी जांभई दिली आणि सहज विचारलं, "ते टेकाडाचं काय झालं? सुरुवात झाली की नाही?"

कोल्होबांची बोबडी वळली. "उद्याच होतेय, महाराज," त्यांच्या तोंडून निघून गेलं. लगेच निरोप गेला, रानडुकरांचा कळप डोंगर ओलांडून आला, आणि उजाडताच बेहड्याशी हजर झाला. शेकरूला कुणी कळवलं नाही. त्यात कुणाचा कावा नव्हता. रिकामं झाड पाडायचं, तर कळवायचं कुणाला? गवासुद्धा त्या दिवशी पहाऱ्यावर नव्हता. कामाला सुरुवात होणार म्हणून त्याला सभेत हार घालून घ्यायला बोलावलं होतं.

शेकरू त्या वेळी दरीच्या पार दुसऱ्या टोकाला, अस्वलाच्या गुहेत होतं. इथे किती कुटुंबं मावतील, याचा ते शेपटीनं अंदाज घेत होतं. तेवढ्यात लांबून मोठा आवाज आला आणि पक्ष्यांचे थवेच्या थवे उडाले. त्या थव्यांच्या खाली कुठलं झाड असेल हे त्याला एका क्षणात कळलं.

फांदीवरून फांदीवर झेपावत ते ओढ्याकाठी आलं. जिथे बेहडा उभा असायचा तिथे आकाश होतं. झाड आडवं पडलं होतं. मुळं वर आली होती, ढोली दबून तिच्यात माती भरली होती. डुकरं सुळ्यांवरची माती पुसत दमून बसली होती. शेकरू आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता जमिनीवर उतरलं.

"आत लोक होते!" ते ओरडलं. "हुंगलं नाहीत? तुमचा नियम आहे ना, हुंगल्याशिवाय सुळा लावायचा नाही?"

कळपाचा म्होरक्या म्हातारा डुक्कर होता. तो ताडकन उठला. "हुंगलं, दादा. चारही बाजूंनी हुंगलं. मी स्वतः आत नाक घातलं. नुसती राख होती. राखेखेरीज कशाचाच गंध नाही." त्याचा आवाज बारीक झाला. "तरी माझं समाधान होईना. म्हणून हाकसुद्धा मारली. कुणी आहे का रे आत, म्हणून. पुन्हा पुन्हा मारली. एवढीशी जरी चाहूल लागली असती ना, तर..."



घोरपड मोडक्या फटीतून बाहेर आली होती. तिला नेहमीसारखं तिरकस बोलणं सुचत नव्हतं. "मी निसटले," ती म्हणाली. "तितर पिल्लांना घेऊन दाणे टिपायला गेली होती. सशीण चरायला गेली होती. आत ती चौघंच. मी त्यांना म्हटलं, चला रे, हा खेळ नाही. तर धाकटं मला म्हणालं, शू! बोलू नकोस, आपण हरू."

मग डुकरांनी जेवढ्या वेगानं झाड पाडलं होतं त्याहून अधिक वेगानं माती उकरली. शेकरूही नखं मोडेपर्यंत उकरत होतं. पिल्लं मिळाली तेव्हा ती एकमेकांना बिलगून होती. पाय पोटाशी होते, कान पाठीला चिकटलेले होते. धाकट्याचं तोंड मातीत खुपसलेलं होतं. शिकवलेलं कुणीही विसरलं नव्हतं.

सशीण परतली ती भरल्या दुधानं. तिनं टाहो फोडला नाही, शेकरूला बोल लावला नाही. ती खाली बसली आणि एकेका पिल्लाला चाटू लागली. पाठीवरची, पोटाखालची, कानांमागची राख तिनं सगळी चाटून काढली. प्रत्येकाला शेवटी हुंगून पाहिलं आणि म्हणाली, "हो. हा थोरला." मग पुढच्याला, "ही माझी." चौघांनाही ओळखून झाल्यावर तिनं त्यांच्याभोवती अंग वळवलं आणि ती तिथेच बसून राहिली. डुकरांच्या म्होरक्यानं मान खाली घातली. कळप हार घालून न घेता डोंगरापलीकडे निघून गेला.

पिल्लं पुरली गेली, पण सशीण तिथून हलेना. एक रात्र गेली, दुसरी गेली. मग गवा आला. तो वाईट नव्हता. फक्त सांगितलेलं करणारा होता. तो घुटमळत म्हणाला, "बाई, ऊठ आता. इथे तुझा गंध मुरायला लागलाय. वरून हुकूम आहे."

हे ऐकून शेकरू सभेत गेलं. या वेळी ते छाती काढून उभं नव्हतं. "टेकाड बांधायला अजून कुणी फिरकलेलं नाही," ते म्हणालं. "डुकरं गेली. महाराज पुन्हा झोपले. नुसता खड्डा पडलाय. तिला तिच्या लेकरांपाशी बसू द्या. एवढंच मागतोय."

"कुणाच्या लेकरांपाशी?" कोल्होबांनी विचारलं.

"जी बेहड्यात मेली त्यांच्या."

"अरे बाळा," कोल्होबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच कीव होती, "बेहडा रिकामा होता. ते तूच भर सभेत मान्य केलंस. डुकरांच्या नाकानंही तेच सांगितलं. रिकाम्या झाडात कोण मरेल?"

शेकरूनं सगळ्यांकडे पाहिलं. कुणीतरी बोलेल म्हणून ते थांबलं. रोज बेहड्यावरून जाताना आतली कुजबुज ऐकून गालात हसणारे कितीतरी जण तिथे बसले होते. सगळे आपापल्या पंजांकडे बघत होते.

"झालं ते झालं," कोल्होबा म्हणाले. "तुझी व्यवस्था मात्र चोख होती. अस्वलाची गुहा रिकामी आहे, पाठशाळेची घळ रिकामी आहे. त्याच अटीवर चालव. तुझ्याइतकं नीट कुणाला जमणार नाही."

"त्या अटीवर नाही. आत कोण आहे हे सभेनं मान्य करावं. पाडायच्या आधी त्यांना सांगावं. हुंगलं तर त्यांचा गंध यावा."

"मग जागा नाही."

दाराबाहेर जळालेली कुटुंबं उभी होती. उतारावर अजून काळी राखच होती आणि ससाण्याची सावली तिच्यावरून फिरत होती. तितर आपल्या पिल्लांना पंखाखाली घेऊन पुढे आली. "शेकरूदादा, हो म्हण," ती म्हणाली.

"तितरताई, तुम्ही पाहिलंत ना काय झालं ते?"

"पाहिलं. आणि उघड्यावर काय होतं तेही रोज बघतेय. काल टिटवीचं पोर नेलं त्यानं. गुहा पडेल तेव्हा पडेल, दादा. ससाणा आत्ता आहे." मग ती कोल्होबांकडे वळली. "आम्हाला अट मान्य आहे. राख आम्ही आमची आणू."

कुटुंबं राख गोळा करायला निघून गेली. कुणी शेकरूकडे रागानं पाहिलं नाही. बहुतेकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

सशिणीला गव्यानं खड्ड्यापासून उठवलं आणि तिच्या बसण्याची जागा राख टाकून घासली. ती उतारावरून निघाली. आडोसा न धरता, भर उन्हात, सावकाश. शेकरू झाडांवरून तिच्या मागे मागे जात ओरडत राहिलं, "काकू, कडेनं चला! काकू, वर बघा!" ती एकदा थांबली आणि म्हणाली, "आता गप्प बस रे बाळा. मला लपायचं नाही." जिथे झाडं संपतात तिथे शेकरूला थांबावं लागलं. पुढे नुसती काळी मोकळी जमीन होती. ती लहान होत होत त्या काळ्यात एक भुरा ठिपका झाली. मग आकाशातून काहीतरी वेगानं खाली आलं, आणि शेकरूनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर पावसाळा आला नि गेला. उतारावर गवत पुन्हा कमरेएवढं वाढलं. बेहड्याच्या खड्ड्यात पाणी साचलं, बेडूक झाले, पण टेकाडाचं एक ढेकूळही तिथे कुणी आणलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या उतारावर वणवा लागला आणि गुहेत नवी कुटुंबं आली, राख फासून, मुकी होऊन.

शेकरू आता गुहेवरच्या झाडावर असतं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ते गळा फाटेस्तोवर ओरडतं, "इथे आहेत! खाली आहेत! पिल्लं आहेत!" गंधानं हक्क लागतो, आवाजानं लागत नाही, म्हणून सभेनं त्याला ओरडू दिलं आहे. गुहेतल्या आया वर बघून म्हणतात, "कशाला ओरडतोस रे? आम्हाला घालवायचंय का?" खालून जाणारी जनावरं आधी दचकायची. आता मान वर न करता निघून जातात. शेकरूचा आवाज बसला आहे. तरी ते ओरडतंच आहे, कारण डुकरं कुठल्या सकाळी येतील हे त्याला कुणी सांगणार नाही.

तात्पर्य : आपण नाहीच असं दाखवण्याच्या अटीवर मिळालेल्या आसऱ्यात आपलं मरणही कुणाच्या लेखी नसतं, म्हणून रिकाम्या जागेत शिरण्याआधी, आपण तिथे आहोत हे जागा देणाऱ्याकडून मान्य करून घ्यावं.